मी पाहिलेली चित्रप्रदर्शने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपल्यातली कोणीतरी उभी राहून बोलते. गेल्या वर्षी मधुमेहावर झाले, त्याच्या आदल्या वर्षी उन्हाळी वाळवणावर. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तू मुंबईत जाऊन ती चित्रं बघत हिंडतेस ना, त्यावरच बोल." मी म्हटले, "अहो, माझं शिक्षण सातवी. चित्रांवर बोलायला शिकलेलं माणूस पाहिजे." त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांचं पेपरात येतंच. तुला काय दिसलं ते सांग." म्हणून उभी आहे. कागदावर लिहून आणले आहे, कारण माइक हातात आला की माझे अर्धे शब्द घरी राहतात.

तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे की आमचे हे सुतारकाम करतात. पण गेली पंधरा-सोळा वर्षे त्यांचे बरेचसे काम घरांतले नसून प्रदर्शनांतले आहे. चित्रे न्यायची खोकी करणे, ती नेणे, भिंतीवर टांगणे आणि मुदत संपली की उतरवणे. सुरुवातीला मला वाटे, चित्र टांगायला सुतार कशाला? कॅलेंडर टांगतो तसा एक खिळा मारला की झाले! पण तसे नाही. खोक्याला खिळा मारीत नाहीत, स्क्रू लावतात, म्हणजे उघडताना हातोड्याचा हादरा आत बसत नाही. आतून फोम लावायचा. चित्राला हात लावायचा तो मोजे घालून. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर आला पाहिजे, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची नजर नीट त्यावर पडते. प्रदर्शन संपले की भिंतीतली भोके लांबी भरून बुजवायची आणि भिंत पुन्हा पांढरीशुभ्र करून द्यायची, जणू तिथे काही नव्हतेच. हे सगळे ऐकून ऐकून मला वाटू लागले की ज्यासाठी एवढी उठाठेव करतात ते आहे तरी काय, ते एकदा बघावे.

पहिल्यांदा गेले ती काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत. ही गॅलरी 1952 साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, नावाने तिच्यासाठी देणगी दिली होती. बाहेरून नागमोडी छपराची, आत शिरायला तिकीट नाही. हे शेवटचे मुद्दाम सांगते, कारण कितीतरी बायका बाहेरच्या पायरीवर बसून शेंगा खातात, पण आत जात नाहीत. आत जायला पैसे पडत असतील, कोणी हटकील, इंग्रजीत विचारील, असे वाटते. कोणी काही विचारीत नाही. कापड बाजारातल्या दुकानात शिरताना जेवढे धैर्य लागते त्याहून कमीच लागते, कारण इथे विकत घ्या म्हणून कोणी ठाण उलगडीत नाही.

तिथे एक चांगली रीत आहे. प्रदर्शन आठवडाभर असते आणि ज्याची चित्रे असतील तो किंवा ती बहुतेक दिवसभर तिथेच टेबलापाशी बसून असते. त्या आठवड्यासाठी चित्रकार कित्येक वर्षे आधी अर्ज करून ठेवतात. मग लोक येतात, भिंतीकडे बघत एक फेरी मारतात आणि निघून जातात. बसलेल्याला वाटत असते, कोणी काही विचारावे.

एकदा अशीच एक तरुण मुलगी बसली होती. तिने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडीसारखे मोठमोठे पडदे केले होते आणि ते छतापासून सोडले होते. बाजूला इंग्रजीत लांबलचक मजकूर. तो मला वाचता येत नव्हता, म्हणून मी सरळ कापडाशीच गेले. बघते तो एका बाजूचा धावदोरा बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा, ओळीत चालणारा. आणि अर्ध्यावरून टाका लांब होतो, ओळ सुटत जाते. मी त्या मुलीला म्हटले, "बाळ, ह्यात दोन हात आहेत ना गं?" ती खुर्चीवरून उठलीच. म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?" अर्धी शिवण तिची आणि अर्धी तिच्या आईची होती. आईला दिसेनासे होत चालले होते. बारीक टाका मुलीचा असेल असे मी धरले होते. तर तो आईचा, डोळे जाण्याआधीचा. पुढचे लांब टाकेसुद्धा आईचेच, नंतरचे. आणि मुलीने मागे बसून आईच्या चुकल्या टाक्यासारखा आपला टाका मुद्दाम चुकवून तिच्याबरोबर शिवले होते. चार दिवसांत हे कोणीच विचारले नव्हते, असे ती म्हणाली. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो आणि सुईत दोरा कसा ओवून देतात, आंधळ्या माणसाला टाका कसा मोजायला शिकवतात, यावर अर्धा तास बोललो.

त्या दिवसापासून मला आत जायला संकोच वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोधडी समजली, पण ते मांडणशिल्प म्हणतात ते काय? खोलीत काहीतरी मांडून ठेवायचे आणि त्यालाच कला म्हणायचे! मैत्रिणींनो, गौरी येतात तेव्हा आपण काय करतो? पाट, पायऱ्या, फराळाचे डबे, दिव्यांची माळ, सुनेचे माहेरचे पातळ, सगळे घरचेच जिन्नस; पण अशा रीतीने मांडतो की खोली रोजची राहत नाही, आणि तिसऱ्या दिवशी उचलून ठेवतो. लालबागला माझे लहानपण गेले. तिथे गणपतीत गल्लीगल्लीतून देखावे बघत हिंडलो. तेव्हा मांडलेले बघायची सवय आपल्याला आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा फरक आहे, की गौरीपुढे उभे राहिल्यावर हे काय आहे असे कोणाला विचारावे लागत नाही. इथे विचारावे लागते, आणि पुष्कळदा उत्तर मिळत नाही.

जिन्नस मात्र आपलेच असतात. सुबोध गुप्ता म्हणून बिहारकडचे कलाकार आहेत. ते स्टीलच्या ताटवाट्या, डबे, पातेली एकत्र करून मोठमोठ्या आकृती करतात. बंगळुरूच्या शीला गौडा यांनी तर शेण वापरले आहे. त्यांचे 1998 सालचे एक काम मी पुस्तकात पाहिले, ह्यांनीच एका गॅलरीत दाखवले. लांबच लांब दोरा सुयांच्या नेढ्यांतून ओढून घ्यायचा, दुहेरी-तिहेरी करीत त्याची दोरी करायची, ती कुंकवाने लालभडक करायची आणि टोकाला त्या सुयांचा झुबका तसाच ठेवायचा. खोलीभर ती लाल दोरी पसरलेली. मी ते पान कितीतरी वेळ बघत होते. कुंकू, सुई, दोरा, ह्यांतले काय आपल्याला समजावून सांगायला पाहिजे? ज्या बाईने उभ्या जन्मात घरच्यांचे फाटके शिवले तिला ती दोरी बघून जे वाटेल ते मजकूर लिहिणाऱ्याला वाटेलच असे नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 साली उघडलेले, म्हणजे दीडशे वर्षांहून जुने. आमचा मुलगा लहान होता तेव्हा, 2013 साली, आम्ही बागेत प्राणी बघायला गेलो होतो. तेव्हा पेंग्विन आलेले नव्हते. बघतो तो संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर भलेमोठे कोळ्याचे जाळे. मुलगा म्हणाला, "आई, एवढा कोळी कुठंय?" जवळ जाऊन पाहिले तर ते जाळे रबरी शिक्क्यांचे! रीना कल्लाट ह्या बाईंनी शेकडो शिक्के ओवून ते केले होते, आणि त्या शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची इंग्रजांच्या वेळची, आता बदललेली नावे होती. आमचे आबा शेवटपर्यंत हॉर्नबी रोडच म्हणत, दादाभाई नवरोजी त्यांच्या तोंडी कधी आले नाही. पण माझ्या मनात दुसरेच आले. शिक्का म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. रेशनकार्डावर शिक्का, भाडेपावतीवर शिक्का, आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्का. ठप्प आवाज होतो आणि माणसाचे काहीतरी ठरून जाते. त्या जाळ्याखाली मी मुलाचा हात धरून उभी होते आणि मला तो दाखला दिसत होता.

तो दाखला का निघाला तेही सांगते, कारण पुढचे त्याशिवाय कळणार नाही. आबा गिरणीत साचेखात्यात होते. आई खानावळ चालवी. बारा माणसे जेवायला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. मी तेव्हा दोन वर्षांची. खानावळीतली माणसे एकेक करून गावी गेली, आईची चूल बारा माणसांवरून आम्हा पाचांवर आली. आबा पुन्हा साच्यावर गेले नाहीत. कधी भाजीची गाडी, कधी वॉचमनची नोकरी. सातवी झाल्यावर मला घरी बसवले, कारण धाकट्या भावाची शाळा चालू ठेवायची होती. आबा ह्यावर कधी बोलले नाहीत. संध्याकाळी खाटेवर बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून, आणि हातांकडे बघत राहत.

2019 च्या शेवटी ह्यांना काळ्या घोड्याजवळच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जायचे होते. ही सरकारी गॅलरी, 1996 साली सुरू झालेली. इमारत मात्र जुनी, 1911 चा कावसजी जहांगीर हॉल. आत वळणावळणाचे जिने आहेत, एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढत जायचे आणि शेवटी घुमटाखाली पोचायचे. तिथे सुधीर पटवर्धन यांचे आजवरच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन होते. पटवर्धन हे डॉक्टर. ठाण्यात 2005 पर्यंत एक्स-रे काढण्याचे काम करीत. म्हणजे आपल्या कळव्याच्या खाडीपलीकडचेच. दिवसा लोकांची हाडे बघायची आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची! चित्रे कोणाची, तर कामगारांची, लोकलमधल्या गर्दीची, पुलावरून जाणाऱ्यांची, इराण्याकडे चहा पिणाऱ्यांची, ठाण्याच्या बाजूला डोंगर कापून उठलेल्या वस्त्यांची.

सुरुवातीच्या चित्रांत पुष्कळदा एकच माणूस, अख्खी चौकट भरून. धिप्पाड, जाड हातांचा. राजा नाही, देव नाही, संत नाही. मी एका चित्रापुढे आले आणि तिथेच थांबले. बसण्याची ती रीत, ते हात. चेहरा आबांचा नव्हता, पण हात आबांचे होते. आबांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, टोपी घातलेला. त्यात हात दिसत नाहीत. मैत्रिणींनो, मी रडले. लोक वळून बघत होते. तिथला पहारेकरी जवळ आला, मला वाटले आता बाहेर काढतो. पण त्याने मला त्याचे स्टूल दिले.

घरी आल्यावर मी आईला सांगितले. ती म्हणाली, "गिरणीकामगाराचं चित्र कोण कशाला टांगील? कोण घेतंय ते?" मी तिला घेऊन जाणार होते. पण जिने चढवत नाहीत म्हणून तिने एकदा टाळले, दुसऱ्यांदा भावाकडे कार्य निघाले, आणि फेब्रुवारीत प्रदर्शन उतरले. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली. आई पुढल्या वर्षी गेली.

पटवर्धनांचे आणखी एक मला फार आवडले. 2008-09 मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन आजच्या चित्रकारांच्या कामांचे एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवले होते, 'विस्तारणारी क्षितिजे' ह्या नावाने. मुंबईच्या बाहेरच्या माणसाला चित्रे बघायला मुंबईत यावे लागू नये, म्हणून चित्रेच खोक्यांत भरून नेली. असे पुन्हा पुन्हा व्हायला हवे. कीर्तनकार गावोगाव जातो, तमाशाचा फड जातो, सर्कस जाते. मग चित्रांनीच का एका रस्त्यावर बसून राहावे?

सगळेच चांगले असते असे मात्र समजू नका. एका ठिकाणी मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता आणि त्यावर एक दिवा उघडझाप करीत होता. मी वीस मिनिटे उभी राहिले, चारी बाजूंनी पाहिले. शेवटी ह्यांना म्हटले, "ह्यात काही नाही." हे म्हणाले, "हळू बोल, मला त्याचे पैसे मिळायचेत." काही ठिकाणी वस्तूपेक्षा मजकूर मोठा असतो, तिथे माझा विश्वास उडतो. आणि काळ्या घोड्याच्या उत्सवात, जो 1999 पासून भरतो, रस्त्यावर इतकी मांडणशिल्पे असतात आणि त्यांच्यापुढे फोटो काढून घेणाऱ्यांची इतकी झुंबड, की मागे काय आहे ते फोटोत घरी जाऊन बघावे लागते. तिथे मौज आहे, मुलांना न्यावे, पण बघणे होत नाही. आता त्या चौकात जो काळा घोडा आहे त्यावर स्वार नाही. स्वारासकटचा जुना पुतळा, इंग्लंडच्या राजाचा, 1965 मध्ये हलवला. तो राणीच्या बागेत आहे. हा रिकामा घोडा 2017 साली बसवला. मला तो स्वाराशिवायच बरा वाटतो.

त्याच वर्षी, 2017 च्या थंडीत, कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये एक प्रदर्शन भरले होते. ससून डॉक म्हणजे 1875 ची गोदी. आत मासळीचा लिलाव, बर्फ, टोपल्या आणि पाण्याचे ओहोळ. जुन्या गोदामांत मांडणशिल्पे, भिंतींवर रंगवलेली चित्रे, आणि तिथेच राहणाऱ्या-राबणाऱ्या लोकांचे मोठाले फोटो चिकटवलेले. शहरातली छान छान मंडळी नाकाला रुमाल लावून येत होती. बाजूलाच बायका कोळंबी सोलीत बसल्या होत्या, त्यांचे हात क्षणभर थांबत नव्हते. मी एकीशी बोलले. म्हटले, "तुमच्या लोकांचे फोटो छान लावलेत." ती म्हणाली, "फोटो मोठा लावला, आता नळाला पाणी पण मोठं सोडा म्हणावं." मी त्या दिवशी आत पाहिलेल्यांपैकी निम्मे विसरले आहे, पण हे वाक्य विसरले नाही. आणि तरीही मला वाटते फोटो लावले ते बरे केले. न लावते तर ती रुमालवाली मंडळी तिथे आली नसती आणि मीही आले नसते.

एक गोष्ट मला खटकते. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर कलाकाराचे नाव असते, साल असते, कशाचे केले ते असते. ज्यांनी लाकूड कापले, वेल्डिंग केले, दोऱ्या ओवल्या, त्यांचे नाव बहुधा नसते. मी ह्यांना म्हटले, "तुमचं नाव कुठंय?" हे म्हणाले, "दाराच्या चौकटीवर सुताराचं नाव असतं का?" मी म्हटले, "चौकट आणि हे एक नव्हे." आमच्या घरी हा वाद अजून चालू आहे. त्यांना त्याचे काही वाटत नाही, मला वाटते. पांढऱ्या भिंतीत भोके बुजवणाऱ्या माणसाचेही नाव कुठेतरी लिहावे.

बड्या खाजगी गॅलऱ्यांत शिरणे मात्र अजून अवघड आहे. काचेचे दार, घंटी, आत थंडगार शांतता. तिथेही तिकीट नसते, कोणीही जावे असेच असते. पण एका ठिकाणी, नाव सांगत नाही, दारावरच्या माणसाने मला विचारले, "कामाला आलात का? मागून जा." मी म्हटले, "बघायला आलेय." त्याने माझ्या पिशवीकडे पाहिले, चपलांकडे पाहिले आणि दार उघडले. मी मुद्दाम सगळ्यांत जास्त वेळ तिथे काढला. निघताना अभिप्रायाच्या वहीत मराठीत पूर्ण एक पान लिहिले आणि खाली नाव व 'गृहिणी, कळवा' असे घातले. वहीत माझ्याआधी मराठी एकही ओळ नव्हती.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी असे मांडले आहे की दरवर्षीची आपली सहल देवदर्शनाची असते, ती असावीच. पण यंदा आणखी एक, एका दिवसाची, ह्या चित्रांची काढावी. काहीजणी म्हणाल्या, "तिथं आपल्याला काय कळणार?" काहीजणी म्हणाल्या, "घरी काय सांगायचं?" पहिल्याला मी आज अर्धा तास उत्तर देत आहे. दुसऱ्याला उत्तर असे, की घरी चित्रे बघायला जाते असे सांगावे.

पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार ठरतो आहे. सोमवारी सरकारी गॅलरी बंद असते आणि रविवारी गाडीला गर्दी. कळव्याहून धीम्या गाडीने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायचे, तिथून रमतगमत वीसेक मिनिटे चालणे. आधी जहांगीर, मग रस्ता ओलांडून नॅशनल गॅलरी. तिथे तिकीट आहे. जिने पुष्कळ आहेत, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी खालच्या मजल्यावर निवांत बसावे, आम्ही वर जाऊन येऊ. डबे आत चालत नाहीत. खाणे बाहेरच्या पायऱ्यांवर. चष्मा विसरू नका. लेकी-सुना आल्या तर आणा, सासूबाईंनाही आणा; माझ्या येणार आहेत, त्यांनी आत्तापासून पातळ काढून ठेवले आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यायची. काल संध्याकाळपर्यंत अकरा झाली होती.